माया

कापताना दोन बोटं माया सोडायची,
हे मला पहिल्या मास्तरांनी शिकवलं.
अंग आज आहे तसं उद्या नसतं, म्हणायचे,
आणि उसवायला जागा नसली
तर तो कापडाचा दोष नाही, शिंप्याचा.

सर्जनने माझ्या पोटात माया सोडली नाही.
अंड्याएवढी पिशवी, बारीक टाके.
एकशे अठ्ठावीस किलोंची मी टेबलावर झोपले
त्याला येत्या चैत्रात अकरा वर्षं.

पहिल्या वर्षी धनकवडीत मला कुणी ओळखेना.
भाजीवालीनं विचारलं, टेलरबाईंची धाकटी बहीण का तुम्ही?
मी हो म्हणाले.
उशीवर, कंगव्यात, मशीनच्या पायडलवर
केसच केस.
ते कुणी पाहिले नाहीत, सगळे कंबर बघत होते.

साखर सहा वर्षं गेली होती.
गेली म्हणजे माहेरी गेलेल्या बाईसारखी,
कपाटाची किल्ली सोबत घेऊन.
सातव्या वर्षी परतली. सकाळची एक गोळी.
आधी इन्सुलिनची दोन पेनं होती, तेही सांगते,
तक्रार करायची तर हिशेब पुरा हवा.

रात्री नाकाला लावायचं यंत्र हडपसरच्या कुणाला देऊन टाकलं.
गुडघे तळजाई चढतात.
हाडांचा रिपोर्ट मात्र आकड्यांत बोलतो,
मला त्यात जुनी मलमल हाताला लागते,
जपून धुवायची.
दर महिन्याला रुक्साना सिस्टर बी-ट्वेल्व्हची सुई देते,
मी तिच्या फॉल-पिकोचे पैसे घेत नाही.

पुतणीच्या लग्नात, सातारा रोडच्या हॉलमध्ये,
बासुंदीचे चार चमचे.
वर विहिणींची पंगत
आणि खाली पार्किंगमध्ये, भावाच्या गाडीत,
मी घामानं भिजून आडवी, काळीज कानात.
वन्सं म्हणाल्या, एवढंसं तर वाढलं होतं!

वॉर्डात समोरच्या खाटेवर गजरमल होते,
एसटीच्या वर्कशॉपातले.
पाणीदार सुपाला आम्ही दोघं मिळून नावं ठेवायचो.
ते तपासणीला यायचे थांबले,
गोळ्या संपल्या त्या संपल्याच.
तिसऱ्या वर्षी फोनवर म्हणाले,
पायाला जमीन लागत नाही हो ताई.
मला वाटलं, आनंदानं म्हणतायत.

आता चौऱ्याऐंशी. मधे एकाहत्तर होते.
नवी डॉक्टर फाइल उलटते,
तेरा किलो परत आले, म्हणते,
जसं काही मीच पत्र पाठवून बोलावले.
मग विचारते, पुन्हा वेळ आली तर ऑपरेशन कराल?
तिच्या फॉर्मवर दोनच चौकोन.
मी 'हो'वर बोट ठेवलं,
तिनं पेन शोधेपर्यंत ते जरा सरकलं होतं.

दंडाखाली लोंबते ती कातडी
कुठलाही शिंपी फुकटात आत घेत नाही.
काल रात्री, एकाहत्तरच्या दिवसांतला
मोरपंखी ब्लाऊज काढला.
बाजूची शिवण उसवली.
दोन बोटं माया होती आत,
मीच सोडलेली, गुपचूप,
आता कधी लागायची नाही
असं सगळे म्हणत होते तेव्हा.

दिव्याखाली तेवढीच पट्टी गडद निघाली,
न विटलेली.
जुन्या टाक्यांची भोकं इस्त्रीनं गेली नाहीत.
आज तोच घालून दुकान उघडलंय.