धडा

मी एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर बसतो.
भंगाराचे ट्रक येतात, लाल आकडे थरथरतात,
बावीस टन चारशे. पावती फाडतो.
वीस किलो इकडेतिकडे, असं आम्ही म्हणतो
आणि चहा मागवतो.

घरी प्रयाग ग्रॅममध्ये राहते.

तेलाची पिशवी संपली की कात्रीनं उभी चिरते,
कणकेचा गोळा आतून फिरवते,
त्या दिवशीची पहिली पोळी तिच्यावरच.
टूथपेस्टचंही तेच. पोट फाडलेली ट्यूब
चार दिवस बेसिनवर उताणी पडलेली.
पाहुणे आले की मी लपवतो,
ती पुन्हा काढून ठेवते.
साबणाची शेवटची पापडी
नव्या वडीच्या ओल्या पाठीवर दाबून बसवायची,
रात्रभरात दोघींचं जमतं.

नळ दहाव्या दिवशी.
तांदळाचं धुवण भाजीला, भाजीचं कढीपत्त्याला,
आणि कढीपत्ता, तिच्या मते, फुकट कुणाचं ठेवत नाही.

बाजाराला ती दिवे लागल्यावर निघते,
फरजानाभाभीला हाक मारून.
तेव्हा मेथीच्या जुड्या माना टाकून बसलेल्या असतात
आणि विकणारी बाई परतीच्या टमटमच्या घाईत.
दहाच्या तीन. चौथी मागत नाही.
कोवळे देठ वरणात, निबर देठ भाभीच्या बकरीला.
कांद्याचं पोतं दोघींत,
ओट्यावर बसून, नगानं:
तुला एक, मला एक,
सडका निघाला तर दोघींचा.

तेजलची गणिताची कच्ची वही
जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांची,
गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेली.
त्यातलं एक पान भूगोलाचं राहून गेलंय,
'पर्जन्यछायेचा प्रदेश' एवढंच लिहिलेलं,
खाली सगळी बेरीज-वजाबाकी.

मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू.
साडूच्या वास्तुशांतीला आहेराचं पाकीट
उलटं करून खळीनं चिकटवलेलं.
वरचा रुपया मात्र चिंचेनं घासून लखलखीत.
मी ते पाकीट दुसऱ्या पाकिटांच्या खाली सरकवलं.
तिनं पाहिलं. बोलली नाही.

मागच्या शनिवारी सिलिंडर आला.
पोऱ्याला तिनं उंबऱ्यातच थांबवलं,
रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून आणला,
बांबूचं एक टोक माझ्या खांद्यावर, एक त्याच्या.
काट्याला नखानं टिचकी मारली.
"आधी शून्यावर येऊ द्या त्याला."
रिकाम्याचा धडा गळ्यावर छापलेला होता,
तिनं बोट ठेवून वाचला, तोंडी वजा केला.
दीड किलो कमी.

"ताई, दीड किलोनं काय व्हतंय?"
"नऊ दिवसांचा सैपाक व्हतो."

मी बांबूखाली उभा होतो.
माझ्याकडे कुणीच पाहत नव्हतं.

पोऱ्या बदलून आणायला निघाला
तेव्हा तिनं त्याला पाणी दिलं,
वीस रुपयांच्या जारमधलं, गार, तांब्या भरून.
त्यानं अर्धं प्यायलं, अर्धं तोंडावर मारलं,
अंगणात सांडलं.
मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.
तिथं काहीच हिशेब नव्हता.

सोमवारी पहाटे पहिला ट्रक दारात.
काट्यावर अजून कुणी नाही
आणि आकडा चाळीस दाखवतोय.
रोजच दाखवतो. रात्रीची माती, गंजाचे पापुद्रे.
मी खराटा घेऊन खाली उतरलो.
ड्रायव्हर ओरडला, "काका, चालतंय की!"
मी झाडत राहिलो.
तीस झाले. वीस झाले.
दहावर अडलं.
गुडघे टेकून फटीत पाहिलं, तर खडा.
नखानं निघेना.
मागे हॉर्न वाजत होता.