पर्जन्यछाया

समुद्रापल्याड कुठंतरी अणुभट्टी फुटली
आणि सतराव्या दिवशी मी बामणोलीच्या वरच्या सड्यावर
गुडघे टेकून माती काढत होते.
पाच सेंटिमीटर, पिशवी, चिठ्ठी, पुढचा खड्डा.

ते दिसत नाही, त्याला वास नाही.
वाऱ्यावर नुसतं तरंगत येतं,
पाऊस गाठेल तिथं उतरतं.
त्या साली वळीव घाटमाथ्यालाच सांडून मोकळा झाला.
चिकणमाती त्याला मुठीत धरते, लवकर सोडत नाही.
गवताच्या मुळाला वाटतं पोटॅश आलं,
आणि ते घेतं बिचारं.

मेढ्यात आकडा मोठा. साताऱ्यात निम्मा.
वर्धनगडचा घाट ओलांडला तशी मशीनची टिकटिक
खापरातल्या शेवटच्या लाह्यांसारखी
थांबून थांबून फुटायला लागली.
दहिवडीच्या पुढं जवळजवळ काहीच नाही.

माझं माहेर तिथलं, म्हसवडच्या अलीकडं.
ज्या डोंगरांनी जन्मभर आमचा पाऊस अडवला
त्यांनी हेही अडवलं होतं.
माणच्या रकान्यात मी ‘सुरक्षित’ लिहिलं.
अक्षर जरा वाकडं आलं.
हात सवयीनं ‘टंचाई’कडं वळला होता.

मग धुळामामा परतला.
दिवाळीपासून त्याची दोनशे मेंढरं जावळीत चरत होती.
येताना शेताशेतांत बसवत आला,
रात्रीला पायलीभर जोंधळा.
मी मशीन एका मेंढीच्या पाठीला लावलं.
लाह्या पुन्हा फुटल्या, भराभर.

‘धूळ बसली म्हंतीस,’ मामा म्हणाला,
‘मंग आमी बी मेंढरं बसवलीच की.
कुटं कुटं, ते सांगू का?’
त्यानं सांगितलं. बांध, विहीर, मालकाचं नाव,
कुणाचं जोंधळं अजून येणं आहे तेसुद्धा.
मी लिहीत गेले. तीन पानं झाली.

उपाय कागदावर सोपा आहे:
स्वच्छ चारा द्या, मांसातलं काही आठवड्यांत उतरतं.
स्वच्छ चारा म्हणजे आमच्या माळाचं कुसळ,
ज्याला कंटाळून मेंढरं दर साली गाव सोडायची.
आता तेच त्यांना औषध म्हणून,
तोंडात टोचत, दिवसातून दोनदा.

आषाढ कोरडाच सरला. आकडे उतरत होते.
कातरायला कुणी येईना, मामानं एकट्यानं कातरलं,
आणि काळ्या लोकरीची अकरा पोती
शाळेच्या वळचणीला माझ्यापुढं आणून ठेवली.
‘ही कुटं बसवू?’

मी अर्ज मागून पुढून पाहिला.
तो रकाना छापलेला नव्हता.