चिठ्ठी आहे का?

अकरा वर्षं मी हाच प्रश्न विचारते आहे,
अप्पर बिबवेवाडीच्या चढावर
पोकर्णांच्या मेडिकलमध्ये, काउंटरच्या आतून.
हात पुढे येतो, कागद येतो,
मी अक्षर लावते.
डॉक्टरांचं अक्षर मला
आईच्या अक्षरापेक्षा लवकर लागतं.

आज दुपारी शेठ जेवायला वर गेलेले,
पोरगा डिलिव्हरीला.
मी तिसऱ्या फळीसमोर उभी राहिले,
जिथे पोटुशा बायकांची चित्रं असलेले डबे असतात.
सगळ्या गोऱ्या, सगळ्या खिडकीकडे बघणाऱ्या,
एकीलाही मळमळत नाही.

डावीकडे चिठ्ठीवरचे :
साधं खोकं, बारीक अक्षर, मात्रा नेमकी.
उजवीकडे कुणीही उचलावेत असे :
गुलाबी झाकण, सोनेरी बाळ,
आत लोह, आयोडीन, डी-थ्री, सगळंच चिमूट चिमूट,
भेळेवर कोथिंबीर भुरभुरावी तसं.
कशावर शेठना किती सुटतात, मला पाठ आहे.
गिऱ्हाइकाला मी ते कधी सांगितलं नाही.
सांगितलं ते एवढंच :
लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, ताई,
मधे दोन तास जाऊ द्या,
एकमेकांना पुढे जाऊ देत नाहीत ती दोघं.
(जावा-जावांसारखी, असं मी म्हणायचे. हसायच्या.)

मला सहावा आठवडा आहे.
हे वाक्य अजून कुणापुढे उच्चारलेलं नाही.
निनादची रांजणगावला रात्रपाळी,
तो येतो तेव्हा मी शटर उघडत असते.

गेल्या वेळी आठल्येबाईंनी चिठ्ठी दिली होती.
वर माझं नाव, वय, आणि पुढची एक तारीख.
तारीख आली.
तिच्याबरोबर कुणी आलं नाही.
पट्टीत नऊ गोळ्या उरलेल्या,
त्या मी मुदत संपेपर्यंत ठेवल्या,
मग नियमाप्रमाणे एक्स्पायरीच्या खोक्यात टाकल्या.
चिठ्ठी मात्र पर्सच्या चेनच्या कप्प्यात आहे,
घडीवर फाटलेली.

गुलाबी झाकणाला नाव लागत नाही.
ते तारीख विचारत नाही.
कुणालाही न कळता
रोज एक आशा, जेवणानंतर, पाण्याबरोबर.
मी डबा उचलला होता,
हे कबूल करते.

तेवढ्यात मुमताज आली, समोरच्या बांधकामावरची,
वर्तमानपत्राच्या पुडीत लाल गोळ्या घेऊन.
'कॉर्पोरेशनच्या दवाखान्यातल्या हायेत. फुकटच्या.
चालतील, का तुमच्याकडच्या भारीतल्या घेऊ?'
पट्टी उलटी करून मी वाचली, मुदत बघितली.
'चालतील. फुकट म्हणून हलक्या नसतात.
पण आधी काही झालं होतं का गं?'
तिनं एक बोट वर केलं.
मग ते पदरात घेतलं.
'मग तिथल्या बाईंना ते सांग.
मात्रा वेगळी लागत असेल, नसेल,
ते मी नाही ठरवायचं,
ही फळी तर नाहीच नाही.'

ती गेली.
दवाखान्यात नंबर पुकारतात
तसा माझाच आवाज दुकानात राहिला.
डबा जागेवर ठेवला, लेबल पुढे करून,
सवयीनं.

संध्याकाळी सहकारनगरला आठल्येबाईंनी
नवा कागद ओढला, पेन झटकलं,
जुनं काही न विचारता
जुनं सगळं वाचलं.

स्वतःच्या दुकानात नाही गेले.
पद्मावतीला एका अनोळखी काउंटरपुढे थांबले.
नुकती मिसरूड फुटलेला मुलगा :
'चिठ्ठी आहे का?'
दिली.
त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली,
'लागत नाहीये, मॅडम.'

मग मीच वाचून दाखवली, काउंटरच्या बाहेरून.
औषध. मात्रा. किती दिवस.
त्यानं विचारलं नव्हतं,
तरी नावही वाचलं, वयही,
आणि खालची तारीख,
जरा हळू.

सुटे दोन रुपये नव्हते, त्यानं आवळाकँडी दिली.
ती तोंडात टाकून
चिठ्ठीची घडी घातली,
आणि चेनच्या कप्प्यात न ठेवता
वरच ठेवली, बसपासशेजारी,
काढायला सोपी.