सतरा सप्टेंबरची होडी

पहाटे चारला झेंडा होडीत येतो.
घडीत झेंडूच्या पाकळ्या, वर मेणकापड,
त्याच्यावर रंगनाथ गुरुजींचा हात.
"द्वारके, पाणी उडवू नकोस."
मी भोयाची लेक. कुणावर उडायचं
हे माझ्या वल्ह्याला कळतं.

नाथसागराच्या पोटात आमचं उंबरखेडी.
वर राहिली तेवढी आसरांची टेकडी,
तिला आता बेट म्हणतात.
आधी तिथं शेळ्या चरायच्या,
बाळंतिणी शेंदराच्या सात दगडांपुढं
हळदकुंकू, एक खारीक ठेवून यायच्या.
शाळेत व्याख्या होती, चारी बाजूंनी पाणी.
आमची पाठ होईस्तोवर
पाणी आलंच.

समुद्र मी पाहिला नाही.
पण एकदा जाळ्यात शिशाचं नाणं आलं,
त्याच्यावर दोन डोलकाठ्यांचं गलबत.
म्हणजे कधीकाळी पैठणच्या बाजारात
कुणीतरी कनवटीला समुद्र लावून
तूरडाळीचा भाव करत होतं.
गुरुजींनी नाणं तहसीलात जमा केलं.
पावती आहे माझ्याकडं.

"बेट तर आपुन आधीच होतो,"
चाँदपाशा म्हणतो, न पेटवलेली विडी चावत.
"सारा मुलुख सुटला, आपुन राहिलो.
तेरा महिने, वर दोन दिवस."
पल्याड नगर जिल्हा, तिकडं तिरंगा,
अल्याड निजामाचा अंमल, मधी गोदामाय.
त्यांची म्हैस पोहून जायची,
दिवसभर स्वतंत्र गवत खायची
आणि सांजच्याला दूध द्यायला
गुलामीत परत यायची.
म्हशीचं सांगताना तो हसतो.
त्याच्या बापाचं सांगताना नाही.
माझा आजा अंधारात माणसं पल्याड न्यायचा,
याचा बाप कंदिलावर घोंगडं धरून बसायचा.
हुतात्म्यांच्या पाटीवर दोघंही नाहीत.
मेले नाहीत ना. नुसते जागले.

पोरं येतात वाळूजच्या कंपन्यांतून,
कुणी पुण्याहून रात्रीच्या गाडीनं,
पोरींच्या हातात धपाट्यांचे डबे.
नव्या उंबरखेडीत जन्मलेली लेकरं
जुन्या गावच्या विहिरींची नावं सांगतात:
बारव, चिंचेची, सासूरवाशिणीची.
झेंडा वर जातो, पाकळ्या पडतात,
गाण्यात नद्यांची नावं येतात
तेव्हा मी मनात आमचीही एक घालते.
कोण तपासायला येतंय.

एका वर्षी पाणीच आलं नाही.
सप्टेंबरात धरण मे महिन्यासारखं,
भेगांत अख्खा पाय जाईल असा गाळ.
होडी खुंटीला, आम्ही पायी.
मी सवयीनं वल्हं खांद्यावर घेतलं,
पुढं टोचत चालले, कुठं ओल आहे बघत.
आणि मग गल्ली लागली.
आमची. उखळाचा दगड, जोत्याची रांग,
शाळेच्या तीन पायऱ्या, वर काही नाही.
चाँदपाशा एका उंबऱ्यापाशी थांबला,
चपला काढल्या,
आत कुणी नसताना विचारलं,
"येऊ का?"
झेंडा गुरुजींच्या छातीशी.
आम्ही सगळे थांबलो. तो बाहेर आला
तेव्हा नऊ वाजून गेले होते,
वेळेचं कुणी काही बोललं नाही.

टेकडीवरचा खांब वाकून पडलेला.
मग माझंच वल्हं रोवलं, दगड लावून.
एका पोरीनं विचारलं,
"गुरुजी, आज चारी बाजूंनी पाणी नाही,
मग ह्याला काय म्हणायचं?"
गुरुजी चष्मा पुसत राहिले.
मी म्हणलं, गाव म्हण.

त्या वल्ह्याला अजून भोक आहे,
दोरी ओवायला पाडलेलं.
पाणी कापताना तिथून बारीक शीळ वाजते,
नवीन घे म्हणतात, घेईन.
यंदा धरण काठोकाठ आहे,
बेट अंगणाएवढंच उरलंय,
उभं राहायला दाटी होईल.
चला, बसा.
जड माणसं मधी.
झेंड्याला कोरडी जागा द्या.