वाळायला चार तास

टाचेच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही.
पहिला थेंब पुसून टाकायचा.
दुसरा कागदाला आपणहून टेकू द्यायचा,
दाबायची नाही टाच, पोर कितीही रडलं तरी.
पाच वर्तुळं. मग कार्ड आडवं,
चार तास, सावलीत.

खिडकीपलीकडे दांडीच्या किनाऱ्यावर
बांगडे वाळतायत.
कागदाला वारा हवा, ऊन नको.
बांगड्याला ऊन हवं, कावळा नको.
मी दोन्हीकडे बघतो.

नावाच्या रकान्यात लिहिलंय:
दीक्षिता मेथर यांचे बाळ.
बारसं व्हायचंय अजून.

सासू सत्यवती दाराच्या चौकटीला धरून म्हणाली,
'आदल्याक पण असोच वास येय होतो.
करपलेल्या गुळाचो.
दुपटी तीन-तीनदा धुतलंय, तरी जायना.'
सांगितलं होतं का कुणाला?
'सगळ्यांका.'

आदला नवव्या दिवशी गेला.
त्याची फाईल मीच काढली कपाटातून,
ओल लागून पानं एकमेकांना चिकटलेली.
कारण: जंतुसंसर्ग.
पुढे प्रश्नचिन्ह होतं, ते कुणीतरी
वेगळ्या शाईनं खोडलेलं.
घरी वेगळं कारण धरलं होतं,
त्यासाठी एक कोंबडा आणि देवस्कीचे तीन फेरे झाले.

रापणीचा ढीग ओतला की सत्यवती
गप्पा मारत निवडते:
तारली इकडे, पेडवे तिकडे, सौंदाळा वेगळा.
डोळ्यांचं काम नाही, बोटांचं.

पुण्याचं यंत्र काही वेगळं करत नसावं.
थेंब फोडतं, रेणूंचे तुकडे करतं,
एकेकाला वजनावर निवडतं,
एका थेंबातून चाळीसेक आजार.
मी शिकलो तेव्हा लघवीत औषध टाकून
पिवळा साका बसतो का बघायचो,
तेही कुणी संशय घेतला तर.
पण ल्युसीन आणि आयसोल्युसीन
यांचं वजन एकच भरतं.
तिथं यंत्रही अडतं;
दुसरी तपासणी लागते, दुसरी चाळण.
हे वाचलं त्या रात्री मला बरं वाटलं,
का ते माहीत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी फोन आला.
मी स्पेलिंग तीनदा विचारून लिहून घेतलं.
बाळाच्या आधी आजाराला नाव मिळालं.
रुग्णवाहिका बांबोळीकडे निघाली
तेव्हा दीक्षितानं दुपटं नाकाशी धरलं होतं,
वास विसरू नये म्हणून, की गेलाय का बघायला.

महिन्याभरानं आले, सगळे आले.
प्रथिनं ग्रॅममध्ये मोजायची.
डब्यातली पावडर, तांदळाची पेज, भोपळा.
सत्यवती ऐकत होती.
'मासो?'
नाही.
'सुको?'
नाही.
'इल्लोसो? जिभेक लावूक?'
डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले.
मी खिडकीकडे.
'कधीच?'

मग ती पदरानं हात पुसायला लागली,
एकेक बोट,
कालवांची, मीठाची, साठ वर्षांची बोटं,
आणि पुसून झाल्यावरच तिनं त्याला घेतलं.

त्याचं नाव रुद्राज. कार्डावर मागाहून लिहिलं मी,
नियमात बसत नाही ते.

आज तीन बाळं आहेत.
मळभ आलंय, हवा चिकट.
सहा तास लागतील.