सव्वासहा मापाचा हातमोजा

व्हिएन्ना, फेब्रुवारी, नाचांचा हंगाम.
आमच्या तळघरात बेंझिनचा वास,
शिळ्या पावाचा चुरा,
आणि थोरामोठ्यांचे हात
दोरीवर ओळीनं वाळत घातलेले.

एकाच्या तळव्यावर मिशी उमटली होती.
खोटं नाही सांगत. काळ्या कलपाच्या दोन वळलेल्या शेपट्या,
मधे बोटभर कोरी जागा.
कोकराचं पांढरं कातडं, बायकी, सव्वासहा माप.
अंगठ्याची शिवण उसवलेली.
मला हसू आलं. म्हटलं, नाचता नाचता कुणी
लाडानं दाबलं असेल म्हाताऱ्याचं तोंड.
डाग काढला, अंगठा शिवला,
बारा क्रॉइत्सर घेतले.

बॅरन ट्राउटेनबेर्ग गेल्याचं परवा कळलं, दूधवाल्याकडून.
मिशीचा भारी शौक त्यांना.
डॉक्टरांनी लिहिलं: हृदय.
पुतण्यानं बोभाटा केला, तेव्हा कुठे इन्स्पेक्टर
बुटांवरचा बर्फ झटकत पायऱ्या उतरला.
"फेरेन्त्सचे हातमोजे इथे येतात? नोकराचे?"
"सुती घरीच धुतात, साहेब."
त्यानं लिहून घेतलं.
तेवढंच विचारलं त्यानं,
आणि मी तेवढंच सांगितलं.

फेरेन्त्सला त्याच संध्याकाळी नेलं.

उपासाच्या चाळीस दिवसांत बॅरनेस स्वतः आल्या,
सुतकाचे काळे हातमोजे शिवून घ्यायला.
मी फीत काढली.
"माप तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या,
बुरख्याची जाळी जराही न हलवता.
"अंगठा मात्र या खेपेला
दुहेरी शिव."