वाढीव हप्ता

लंडनचा मेल येतो तो आमच्या जेवणानंतर,
डब्यांची झाकणं अजून पालथीच असतात.
वाच्छा साहेब चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात,
"पोरी, सामुद्रधुनी परत यादीत घातली."
मी एकोणपन्नास वर्षांची आहे.

बॅलार्ड इस्टेटच्या तिसऱ्या मजल्यावर
युद्ध येतं ते दशांश चिन्हाच्या उजवीकडे.
काल शून्य पूर्णांक एक दोन पाच,
आज सकाळी शून्य पूर्णांक चार,
चहा येईपर्यंत सात.
चहाही दोन रुपयांनी चढलाय.
किटलीवाला श्रीपत म्हणतो, सिलिंडर मिळत नाही ताई, मी काय करू,
आणि माझ्याकडे असा बघतो
की तिकडची झडप मीच फिरवून आलेय.

भिंतीवर नकाशा आहे, माझ्या आधीपासूनचा.
आखाताच्या निळ्या पोटात टाचण्यांची भोकं,
मागच्या लढाईची,
तिच्याही मागच्या.
नवी टाचणी टोचायला जावं
तर ती जुन्याच भोकात अलगद बसते.

हप्ता हा शब्द आपल्याकडे फार राबतो.
घराचा असतो, फ्रिजचा असतो,
कोपऱ्यावरच्या फेरीवाल्याकडून
शनिवारी कुणीतरी घेऊन जातं, तोही असतो.
आणि हप्ता म्हणजे सात दिवस.
सात दिवसांच्या सूचनेवर
कुठल्याही जहाजावरची आमची छत्री
आम्ही मिटू शकतो.
पानाच्या तळाशी, बारीक टायपात, आहे तसं.

मंगळवारी हलीमाबी मुकादम आल्या.
डोंगरीहून चालत.
पिशवीतून मुलाच्या सीडीसीची झेरॉक्स काढली,
घड्यांवर चिकटपट्टी लावलेली.
गाव दाभोळ. हुद्दा ऑइलर. नाव इसहाक.
"नऊ दिवस जहाज नांगरून उभं आहे म्हणतो.
रात्री वरून काहीतरी गुणगुणत जातं म्हणतो.
तुम्ही विमेवाले, तुम्हाला ठाऊक असणार.
माझ्या पोराचा काय भाव लावलाय?"

मी फाइल उघडली.
तिच्यात सगळं होतं:
सांगाडा, यंत्रं, एकोणऐंशी हजार टन तेल,
मालकाचं बुडू शकणारं भाडंसुद्धा.
माणसं दुसऱ्या वहीत असतात,
दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या देशात,
हे मी त्यांना समजावून सांगितलं.
मी चांगलं समजावते, असं लोक म्हणतात.

त्या नकाशाकडे बघत होत्या.
मग उठून जवळ गेल्या आणि नुसत्या भुवईनं विचारलं, कुठे?
मी दाखवलं.
त्यांनी तिथे तळहात ठेवला,
ताप बघावा तसा.
तळहाताखाली तीन देश गेले,
दोन आरमारं, आमच्या सगळ्या टाचण्या.
एक टोचली असणार. त्या काही बोलल्या नाहीत.
निघताना एवढंच म्हणाल्या,
"भाव उतरला की कळवा. म्हणजे मला समजेल."

संध्याकाळी रुपया आणखी घसरला.
साहेबांच्या मोबाइलवर कुणी जाणकार सांगत होता
की परिस्थितीवर बारीक लक्ष आहे.
कुणाचं, ते त्यानं सांगितलं नाही.
दर चढला की आमचं कमिशनही चढतं.
या तिमाहीत साहेबांना बरे पैसे मिळतील,
मलाही थोडे.
लपवण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.
त्या पैशांतून घराचा हप्ता जाईल.

हल्ली पहाटे पाचला जाग येते.
नवरा झोपलेला असतो,
खाली पाण्याची मोटर सुरू झालेली असते,
मी अंधारात फोन उघडून आकडा बघते.
याआधी कधीच वाटलं नव्हतं
की तो खाली यावा.
सोळा वर्षांत नाही.

हलीमाबींचा नंबर डब्याच्या पिशवीत आहे,
श्रीपतच्या बिलाच्या पाठीमागे लिहिलेला,
एका कडेला तेल लागलंय, शेवटचा आकडा
तीन आहे की आठ, ते फोन लावल्यावरच कळेल.

आज शून्य पूर्णांक आठ पाच.